कैतव : एका शब्दाची संथा



श्रीमद्भागवताचे श्रवण आपल्या कुटुंबांतून वर्षानुवर्षे होत आले आहे. सप्ताह बसतो, पोथीची पूजा होते, कथा रंगते, शेवटी काला होतो. परंतु ग्रंथाच्या अगदी उंबरठ्यावर, पहिल्या स्कंधाच्या पहिल्या अध्यायात, दुसऱ्याच श्लोकात एक शब्द उभा आहे आणि त्याला ओलांडून आपण सर्वजण आत जातो. या ग्रंथात कोणता धर्म सांगावयाचा आहे हे सांगताना भागवतकारांनी त्या धर्माला 'प्रोज्झितकैतव' असे विशेषण लाविले आहे. ज्यातून कैतव पार झटकून टाकिले आहे, असा धर्म. आता कैतव म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला काय झटकून टाकिले हे कसे कळावे?

मराठी घरांत हा शब्द अपरिचित राहिला, याला कारण आहे. आपल्या देव्हाऱ्याजवळ जे भागवत असते ते बहुधा एकनाथी भागवत असते. नाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ साली, काशीक्षेत्री ते पूर्ण केले. पण ते एकादश स्कंधावर आहे. प्रथम स्कंधातील हा श्लोक त्यात येत नाही. सुरतेतील आपल्या मंडळींची आणखी एक अडचण आहे. तापी जशी खानदेशातून वाहत येऊन या शहराला मिळते, तशीच जळगाव, धुळे, नंदुरबारकडील आपली पुष्कळ कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत येऊन स्थिरावली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळेत पुस्तकी मराठी, असा मुलांचा दिवस जातो. चार भाषा येणे हे भाग्य होय. मात्र चारही भाषांतले रोजचे शब्दच तेवढे वापरात राहतात आणि जड शब्द चारही ठिकाणी परके होतात. म्हणून आज एकच शब्द घेऊ, पण तो नीट घेऊ.

अमरकोशाच्या नाट्यवर्गात फसवणुकीला नऊ नावे दिली आहेत. दंभ, कपट, छद्म, व्याज, उपधि, कैतव, निकृति, कुसृति आणि शाठ्य. पूर्वी पाठशाळेत मुलगा अर्थ कळण्याच्या आधी हे सारे मुखोद्गत करी. फसवणुकीचे शब्द नाट्याच्या वर्गात यावेत हे आम्हांस नेहमीच मार्मिक वाटत आले आहे. नऊ नावे एका ओळीत बसली तरी त्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. जवळ नाही ते असल्यासारखे दाखविणे हा दंभ. दुसरेच निमित्त पुढे करणे हे व्याज. या व्याजाचे उदाहरण सुरतेच्या इतिहासातच आहे. १६६४ सालच्या जानेवारीत शिवाजी महाराजांची स्वारी या शहरावर आली, तेव्हा किल्ल्यात दडून बसलेल्या इनायतखानाने तहाच्या बोलण्याच्या मिषाने एक तरुण पाठविला आणि त्याने जवळ लपविलेल्या खंजिराने महाराजांवर झेप घेतली. जवळच्या पहारेकऱ्याने त्याचा हात तोडला म्हणून अनर्थ टळला. त्या स्वारीविषयी सुरतेच्या आठवणी आणि महाराष्ट्राच्या आठवणी एक नाहीत, आणि शेजाऱ्याशी बोलताना आपण त्याचे भान ठेवितो. तो विषय आज नाही. तहाची बोलणी हे तिथे व्याज होते, एवढेच पाहावयाचे.

कैतव याहून वेगळे आहे. त्याची व्युत्पत्ती पाहा. शिवाचा तो शैव, मित्राचे ते मैत्र, तसे कितवाचे ते कैतव. प्रथम स्वराची वृद्धी झाली आणि इकाराचा ऐकार झाला. शब्द नपुंसकलिंगी आहे. 'ते कैतव' असे म्हणावे. आणि कितव म्हणजे जुगारी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त या कितवाचेच आहे. फाशांनी घर गेले, पत्नी दुरावली, आईबाप आणि भाऊ याला आम्ही ओळखत नाही म्हणू लागले, तरी फासे पडण्याचा आवाज कानी आला की पाय तिकडे वळतात. शेवटी त्याला सांगितले आहे की फासे टाक आणि शेती कर. इतक्या प्राचीन काळी इतके घरगुती दुःख ऋषींनी सूक्तात आणिले, हे वाचून आजही मन थबकते.

यास्काचार्यांनी निरुक्तात 'कितव' शब्दाची फोड सांगितली आहे ती मुलांना फार आवडेल. जुगाराच्या पटाशी बसलेला मनुष्य समोरच्याला विचारतो, 'किं तव?' म्हणजे तुझ्यापाशी काय आहे, काय पणाला लावतोस? हाच प्रश्न सारखा तोंडात म्हणून तो कितव. आजचे भाषापंडित ही फोड कदाचित मान्य करणार नाहीत, पण स्मरणासाठी हिच्यापेक्षा सोपी खुंटी मिळणार नाही.

दुसरी खुंटी आपल्या मंदिराच्या आवारातच सापडते. महाशिवरात्रीस बेलाबरोबर शंकराला धोत्र्याचे फूल आणि काटेरी फळ वाहतात. त्या धोत्र्याला अमरकोशात जी नावे आहेत त्यांत उन्मत्त, धूर्त आणि कितव ही येतात. शिवाय सोन्याची सगळी नावे त्याला लागू आहेत असेही सांगितले आहे. फूल पांढरे, सुंदर, कर्ण्यासारखे. पोटात मात्र बुद्धी हरण करणारे विष. वाटसरूला अन्नातून धोत्र्याचे बी चारावे आणि शुद्ध हरपली की लुटावे, हा वाटमाऱ्यांचा जुना धंदा होता. सोन्याचे नाव आणि विषाचे बी एकाच झाडाला लाभले म्हणून ते कितव. शंभूच्या पायाशी फूल ठेवताना मुलाने हे नाव एकदा मनात म्हटले तरी शब्द विसरणार नाही.

पाठांतराविषयी येथेच बोलतो. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन विद्वानाने १८८५ साली आपल्या स्मृतीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरे स्वतः पाठ करून त्याने मोजले की ती किती लवकर विसरतात. पहिल्या काही तासांतच बहुतेक निसटतात, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतराअंतराने आवृत्ती केल्यास ती अधिक टिकतात, असे त्यास आढळले. आपल्याकडील संथेची रीत तीच होती. गुरूने म्हणावे, शिष्याने मागून म्हणावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा, पक्षाने पुन्हा. ज्याला अर्थाची आणि चित्राची जोड मिळाली तो शब्द अक्षरांच्या नुसत्या माळेहून सहज राहतो. कैतवाला आपण फासा दिला, धोत्र्याचे फूल दिले, 'किं तव' हा प्रश्न दिला. आता तो हरवू नये.

सुरत हे शब्दांची कदर करणाऱ्यांचे शहर आहे, हेही मुलांना सांगावे. कवी नर्मद, म्हणजे नर्मदाशंकर लालशंकर दवे, येथलेच. १८३३ चा जन्म. त्यांनी एकट्याने वर्षानुवर्षे खपून सुमारे पंचवीस हजार शब्दांचा 'नर्मकोश' सिद्ध केला आणि तो १८७३ साली पूर्ण छापून निघाला. त्याही आधी मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर या शहरात शिक्षक म्हणून राहिले होते. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. सुरतेत त्यांची गाठ दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी पडली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशा पाच दकारांनी मिळून २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापिली. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्र समान आहे, हा तिचा उपदेश. त्याच्या जोडीला भुतेखेते, जादूटोणा आणि मंत्रतंत्र यांच्या नावाने चाललेली लोकांची लुबाडणूक उघडी पाडणे हे काम तिने हाती घेतले. मंत्रशक्तीचा दावा करणाऱ्यांना सभेत येऊन ती सिद्ध करून दाखवा असे आव्हान दिले जाई. एका मराठी वैयाकरणाने आणि एका गुजराती मेहताजीने खांद्याला खांदा लावून हे करावे, याचा आपल्यासारख्या सुरतवासी मराठी माणसांना अभिमान वाटावा. १८४६ साली दादोबा मुंबईस गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेले, आणि सभा मावळली.

त्या सभेचे काम किती अवघड होते ते आपल्या शब्दावरून कळते. मांत्रिकाला आव्हान देता येते, पण मांत्रिकाच्या दारी रांग लावणाऱ्याला काय सांगावे? गुप्तधन हवे, शत्रूचा नाश हवा, कष्टावाचून फळ हवे, ही ओढ त्याची स्वतःची असते. कपट हा शब्द उच्चारला की फसविणारा एकटाच नजरेपुढे येतो. कैतव म्हटले की पट अंथरला जातो, आणि पटाला दोन बाजू असतात. महाभारताकडे पाहा. शकुनी कपटी, यात शंका नाही. परंतु वनपर्वात भीमाने कठोर शब्दांत जाब विचारला, तेव्हा धर्मराजाने जे उत्तर दिले त्याकडे आपले लक्ष जात नाही. धृतराष्ट्राच्या पुत्राचे राज्य आपल्याला मिळावे या इच्छेने मी द्यूताला बसलो, असे त्याने स्वतःच्या मुखाने सांगितले आहे. ज्याला सारे धर्मराज म्हणत त्याने ही गोष्ट लपविली नाही. व्यासांनीही ती गाळली नाही.

सुरतेच्या बाजारात वावरणाऱ्यांस हा भेद समजावयास अडचण पडू नये. जरीचा धंदा घ्या. चांदीची तार ओढून केसासारखी बारीक करायची, चेपून तिचा बादला करायचा, तो रेशमावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, ही खरी जर. तांब्याच्या तारेवर चांदीचे पाणी चढविले की ती नकली जर. आता चकाकत्या प्लास्टिकच्या पट्टीचीही जर निघते. येवल्याची पैठणी असो की बनारसी शालू, सुरतेची जर दूरवर जाते. तांब्याची जर 'तांब्याची' म्हणून विकणारा व्यापारी कोणालाही फसवीत नाही. गरिबाच्या मुलीच्या लग्नात त्याच जरीने शोभा येते. हिऱ्याचेही तसेच. यंत्रात तयार केलेला हिरा हा कार्बनच, खाणीतल्या हिऱ्यासारखाच, आणि तो तसा सांगून विकणे हा प्रामाणिक धंदा आहे. तोच खडा खाणीच्या हिऱ्यांच्या पुडीत गुपचूप मिसळला की त्या क्षणी कैतव सुरू होते. वस्तू कृत्रिम असणे हा दोष नव्हे. आम्ही हे आवर्जून लिहितो, कारण धर्माच्या नावाने बोलणारे कित्येकदा साध्या, स्वस्त वस्तूंचाच धिक्कार करितात, आणि तो अन्याय आहे.

अलीकडे दूरध्वनीवरून चालणाऱ्या एका फसवणुकीविषयी मात्र वेगळे लिहिले पाहिजे. आपण पोलीस आहोत, तपास खात्याचे आहोत, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे, असे सांगून माणसाला चित्रसंभाषणावर तासन्‌तास बसवून ठेवितात आणि त्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील 'मन की बात'मध्ये हेच देशाला सांगितले. तो पलीकडचा मनुष्य आवाज कितीही चढवो, फिरून फिरून एकच गोष्ट विचारतो : कोणत्या बँकेत खाते, ठेव किती, दागिने किती. किं तव? तुझ्यापाशी काय आहे? हा प्रश्न ऐकू आला की समोर कोण बसला आहे ते ओळखावे, संभाषण तोडावे, घरातल्या माणसांना हाक मारावी आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. येथे फसलेल्याला कोणी जुगारी म्हणू नये. त्याने पण लाविलेला नसतो. त्याच्या भीतीला आणि कायद्याविषयीच्या आदराला गळ घातलेला असतो. एखाद्या घरातील वृद्धाचे असे पैसे गेले, तर 'तुम्हांला कळले कसे नाही' हा प्रश्न करू नये. त्या प्रश्नाच्या धाकाने कित्येक वृद्ध मंडळी झालेली गोष्ट मुलांपासून लपवितात आणि तक्रारीची मोलाची वेळ निघून जाते.

आता मूळ विशेषणाकडे वळू. भागवताचे श्रेष्ठ टीकाकार श्रीधरस्वामी यांनी 'भावार्थदीपिके'त या ठिकाणी कैतवाचा अर्थ केला तो आपल्या देवळापर्यंत येऊन पोहोचतो. फळावर डोळा ठेवून केलेला धर्म, तेच कपट, असे ते म्हणतात. इतकेच नव्हे. 'प्रोज्झित' या शब्दात आरंभी 'प्र' आहे, त्या एका अक्षराने मोक्षाचीही अभिलाषा दूर केली, असे त्यांचे व्याख्यान आहे. कैतव आणि कैवल्य हे शब्द मुले पुष्कळदा एकमेकांत घोटाळतात. घोटाळोत बापडी, स्वामींच्या दृष्टीने कैवल्याची हाव हेही शेवटी कैतवच आहे, असे त्यांना सांगता येईल.

हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती यावी. मग आमचे नवस काय? मुलगा परीक्षेत उतरला तर अकरा नारळ, कारखान्याचे काम मिळाले तर अभिषेक, खटला जिंकला तर चांदीचा मुकुट. देवळांच्या दानपेट्या अशा नवसांनी भरतात, आणि मंदिराच्या पत्रिकेने हे लिहावे हे काहींना रुचणार नाही. तरी लिहिणे भाग आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितले. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्यांपैकी ज्ञानी त्यांचा लाडका खरा, परंतु चौघांनाही त्यांनी उदार म्हटले आहे. संकटात सापडलेला आर्त त्यांनी दूर लोटला नाही आणि मागणाऱ्या अर्थार्थ्यालाही दूर लोटले नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसून आई देवाला काहीबाही कबूल करते, त्या बोलण्याला कैतव म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. तो हंबरडा आहे. मागणे निराळे आणि पण लावणे निराळे. मागणारा हात पसरतो. त्याचा देवावर अधिकार चालत नाही, हे तो जाणतो. पण लावणारा मात्र मूठ झाकून बसतो. 'तू आधी फासा टाक, माझे दान पडले तर नारळ, नाही तर दुसऱ्या देवळाची वाट' असे त्याचे मन बोलते. तो देवालाच विचारीत असतो, किं तव? तुझ्यापाशी माझ्यासाठी काय आहे?

आणि याच भाविकाला एखादा भोंदू सहज जिंकतो. देवाशी सौदा करण्याची सवय लागलेल्याला देवाचा दलाल भेटला की तो ओळखीचाच वाटतो. अमुक रक्कम द्या, अमुक अनुष्ठान करू, एकवीस दिवसांत फळ. हिशेब पक्का, पावती मात्र नाही. दुर्गाराम मेहताजींनी आणि दादोबांनी ज्यांच्याशी झुंज घेतली त्यांचे वारस आजही भिंतीवरच्या जाहिरातींत आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आहेत. आपल्या भगिनींना आमची विनंती आहे की घरातील आजारपण, सुनेला मूल नसणे, मुलाचे व्यसन, अशा दुःखांसाठी कोणी पैसे घेऊन विधी सांगू लागला तर घरात बोलल्यावाचून दागिना मोडू नये, आणि वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. महाराष्ट्रात अशा लुबाडणुकीविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. गुजरात विधानसभेनेही २०२४ साली तसा कायदा संमत केला. कायदा गुन्हेगाराला शासन करील. मनातला पट उचलण्याचे काम त्याच्याकडून होणारे नाही.

संथेविषयी थोडेसे सांगून थांबतो. प्रत्येक घरी मुलांनी हा शब्द पाटीवर किंवा वहीत लिहावा. कितव, कैतव, प्रोज्झितकैतव, अशा तीन पायऱ्यांनी म्हणावा. दुसऱ्या दिवशी न पाहता म्हणावा, मग चौथ्या दिवशी, मग पंधरवड्याने. वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी बाजारात, वर्तमानपत्रात अथवा स्वतःच्या घरात दिसलेले कैतवाचे एक उदाहरण मुलांना सांगावे, आणि 'जोडाक्षर जड आहे' म्हणून टाळू नये. ज्या मुलांना यंत्रमागाच्या सुट्या भागांची नावे तोंडपाठ असतात त्यांना 'प्रोज्झित' अवघड जाणार नाही. येत्या एकादशीस सायंआरतीनंतर जी मुले शब्द, त्याची फोड आणि स्वतः जुळविलेले एक वाक्य सांगतील त्यांना पुढे बसवून सर्वांसमक्ष म्हणावयास लावू. अहिराणीत वाक्य केले तरी चालेल, गुजरातीत केले तरी चालेल. त्यानंतर अमरकोशातील त्याच पंगतीचा 'शाठ्य' हा शब्द घेण्याचा विचार आहे.